परदेशी सेवाकार्याला निघण्यापूर्वी घरची बाजू कशी लावून ठेवावी

मी जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यातली. आमच्या मंडळीने, म्हणजे चर्चने, पाठवणीची उपासना घेऊन मला केनियाला पाठवले आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूला, किसुमू शहरापलीकडे, तिथल्या मंडळीच्या मुलींच्या वसतिगृहात आणि शाळेत मी तीन वर्षे काम केले. निघण्याच्या तयारीला आठ महिने लागले. त्यांतले जवळजवळ सगळे दिवस प्रशिक्षण, भाषा आणि परवान्याच्या कागदांमागे गेले. माझ्यामागे घरी कोण काय पाहणार, या विषयाला मात्र निघण्याच्या आदल्या दिवशीची एक संध्याकाळ मिळाली, तीही पाहुण्यांच्या गर्दीत. पुढे जो मनस्ताप झाला, त्यातला बराचसा त्या संध्याकाळी न ठरलेल्या गोष्टींचा होता. म्हणून हा लेख तिकडे काय करावे यापेक्षा इकडे काय लावून ठेवावे, यावर अधिक आहे.

यात मंडळीचा दोष नाही. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल वसवले, तेव्हा त्यांच्या कामाला स्कॉटलंडच्या मंडळ्यांचा आधार होता. मिशनरी येण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे, पाठवण्याची मात्र अजून अंगवळणी पडायची आहे.

१. कामे माणसांना वाटून द्या, आणि लिहून द्या

‘तू जा बिनघोर, आम्ही आहोत ना’ हे वाक्य तुम्हाला दहा जणांकडून ऐकू येईल. ते मनापासूनचे असते. पण दहा जणांचे काम कोणाचेच नसते, हे सहा महिन्यांत कळते. साधी दोनशेपानी वही घ्या आणि प्रत्येक कामापुढे एकच नाव व ते काम कधी करायचे हे लिहा. माझ्या वहीत (ती मी पहिल्या सुट्टीत केली, आधी करायला हवी होती) आईची रक्तदाबाची औषधे आणि दर तीन महिन्यांची तपासणी वहिनीकडे, विम्याचा हप्ता आणि शेतीचे कागद दादाकडे, मंडळीतली वर्गणी खजिनदारांकडे आणि माझी पत्रे वाचून दाखवण्याचे काम संडे स्कूलच्या एका शिक्षिकेकडे, अशी विभागणी होती.

या सगळ्यांवर लक्ष ठेवणारा एक माणूस घराबाहेरचा असावा. घरचे लोक वाईट बातमी लपवतात; लेकीला तिकडे काळजी नको म्हणून लपवतात, पण लपवतात. हे काम पाळकसाहेबांनाही देऊ नका. ते नाही म्हणणार नाहीत, परंतु त्यांची बदली होते आणि नव्या पाळकसाहेबांना तुमचा चेहराही माहीत नसतो. माझ्या बाबतीत दुसऱ्याच वर्षी असे झाले आणि चार महिने मंडळीच्या प्रार्थनेत माझे नावसुद्धा नव्हते. पंचक्रोशीत राहणारी, मंडळीत कायम असलेली, फटकळ वाटली तरी खरे बोलणारी एखादी निवृत्त शिक्षिका किंवा परिचारिका या कामाला उत्तम.

शेत किंवा घर तुमच्या नावावर असेल, तर भावाच्या किंवा बहिणीच्या नावे मुखत्यारपत्र निघण्यापूर्वीच करून ठेवा आणि त्यात नेमके कोणते अधिकार दिले आहेत ते वकिलाकडून स्पष्ट लिहून घ्या. परदेशात गेल्यावर ते करायचे म्हटले, तर भारतीय उच्चायुक्तालयात जाऊन साक्षांकित करणे, मूळ कागद भारतात पाठवणे आणि तो महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरणे असा द्राविडी प्राणायाम करावा लागतो.

२. ओटीपी कोणाच्या फोनवर येतो ते तपासा

हा सगळ्यांत क्षुल्लक दिसणारा आणि सगळ्यांत जास्त छळणारा मुद्दा आहे. आईचे आधार, तिचे बँक खाते, गॅसची नोंदणी आणि पीएम किसानचा हप्ता या सगळ्यांना मोबाइल नंबर माझा जोडलेला होता, कारण फॉर्म मीच भरले होते. दादा आईला घेऊन ई-केवायसीसाठी सेवा केंद्रात रांगेत उभा, आणि ओटीपी किसुमूमध्ये माझ्या कपाटात बंद पडलेल्या फोनवर. तीन चकरा वाया गेल्या. निघण्यापूर्वी किमान महिनाभर आधी आधार केंद्रात जाऊन आई-वडिलांच्या आधारला त्यांच्यासोबत राहणाऱ्या माणसाचा नंबर जोडा, मग बँकेत, मग गॅस एजन्सीत बदला. आधारपासूनच सुरुवात करावी, कारण पुढच्या ठिकाणी बहुधा त्याचाच ओटीपी मागतात.

तुमचा स्वतःचा भारतीय नंबरही जिवंत ठेवावा लागतो, कारण तुमची बँक तुम्हाला त्याच नंबरवर ओळखते. नव्वद दिवस काहीच वापर झाला नाही, तर सिम बंद होऊन तो नंबर दुसऱ्याला जाऊ शकतो. आंतरराष्ट्रीय रोमिंग निघण्यापूर्वी सुरू करून घ्या आणि रिचार्जची तारीख वहीत दादाच्या नावापुढे टाका.

३. कागदपत्रे

पासपोर्ट, त्याची मुदत आणि नावाची जुळणी, या क्रमाने सुरुवात करा. आपल्या ख्रिस्ती घरांत एक खास घोटाळा असतो: शाळेच्या दाखल्यावर एक नाव, बाप्तिस्म्याच्या नोंदीत दुसरे, आणि आधारवर दोन्हींची खिचडी. माझी परदेशातील मंडळी मला बाप्तिस्म्याच्या नावाने ओळखत होती आणि त्यांचे बोलावण्याचे पत्र त्याच नावाने आले. ते पासपोर्टशी जुळेना म्हणून पुन्हा मागवावे लागले. पहिल्या पत्रव्यवहारापासूनच पासपोर्टवरचे नाव, अक्षर न अक्षर, वापरा. नाव बदलायचेच असेल, तर राजपत्रात प्रसिद्ध करून मगच पासपोर्टला हात घाला.

सोबत न्यायच्या कागदांची यादी अशी: पासपोर्ट, परवान्याची मंजुरी, बोलावणाऱ्या मंडळीचे पत्र आणि आपल्या मंडळीचे नेमणुकीचे पत्र, पासपोर्ट सेवा केंद्रामार्फत मिळणारा पोलिसांचा चारित्र्य दाखला, शिक्षणाची मूळ प्रमाणपत्रे, पिवळ्या तापाच्या लसीचे पिवळे पुस्तक, आरोग्य विम्याचे कागद, चश्म्याचा नंबर आणि चालू औषधांची डॉक्टरांची चिठ्ठी, पासपोर्ट आकाराचे डझनभर फोटो. या सगळ्याच्या छायाप्रतींचा एक संच घरी वहीबरोबर ठेवा.

परवान्याबद्दल एकच सूचना देते, पण ती काटेकोर पाळा. केनियाने जानेवारी २०२४ पासून पर्यटकांसाठी व्हिसाऐवजी ईटीए नावाची ऑनलाइन मंजुरी सुरू केली आहे. ती सहज मिळते, आणि म्हणूनच ‘आधी त्याच्यावर या, नंतर पाहू’ असा सल्ला देणारे भेटतात. ती भेटीसाठी आहे, कामासाठी नाही. धार्मिक व धर्मादाय कामासाठी ‘आय’ वर्गाचा वेगळा परवाना असतो आणि त्यासाठी तिथली मंडळी तिथल्या इमिग्रेशन खात्याकडे अर्ज करते. तो हातात येईपर्यंत निघू नका, मग पाठवणीची उपासना दोनदा पुढे ढकलावी लागली तरी चालेल. आमची एकदा ढकलली. मंडप परत करावा लागला, एवढेच नुकसान झाले.

४. पैसा: दोन डबे वेगळे ठेवा

तुमच्या जेवणाखाण्याचा, निवासाचा आणि प्रवासाचा खर्च बोलावणारी मंडळी करणार की पाठवणारी संस्था, हे लेखी ठरले असेल असे मी धरून चालते. ठरले नसेल, तर पुढचे काहीही करू नका.

आपल्या गावच्या मंडळीने जमवलेला पैसा तिच्या खात्यातून सरळ परदेशी पाठवता येईल, हा समज चुकीचा आहे. रिझर्व्ह बँकेची एलआरएस योजना, जिच्यात वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते, ती भारतात राहणाऱ्या व्यक्तींसाठी आहे. विश्वस्त संस्थांना ती लागू नाही. शिवाय धर्मादाय संस्थेने आपले उत्पन्न देशाबाहेर खर्च केले, तर तिची आयकरातील सवलत अडचणीत येते. उलट दिशेनेही तसेच आहे. तिकडे तुमच्याबरोबर काम करणारे युरोप-अमेरिकेचे सहकारी तुमच्या गावच्या चर्चचे गळके पत्रे पाहून हळहळतात आणि पैसे देऊ करतात. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी नसलेल्या मंडळीने परदेशी देणगीचा एक रुपयाही घ्यायचा नसतो, आणि तुमच्या वैयक्तिक खात्यातून ती वळवणे तर त्याहून वाईट. नम्रपणे नाही म्हणा.

मग मंडळीच्या वर्गणीचा उपयोग काय? तिचा उपयोग इथेच करावा. आम्ही पहिल्या सुट्टीनंतर असे ठरवले की माझा केनियातील खर्च हा एक डबा आणि अंबडचा खर्च, म्हणजे आईची औषधे, विम्याचा हप्ता, अडीअडचणीच्या तिकिटाची पुंजी, हा दुसरा डबा. मंडळीने दुसरा डबा सांभाळला. मिझोरममधील मंडळ्यांत बाया १९१० पासून प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढतात आणि ते मंडळीला देतात, हे आमच्या महिला संघाच्या अध्यक्षबाईंनी कुठेतरी ऐकले होते. आमच्याकडे तांदळाची जागा ज्वारीने घेतली. पीठ मळायला घेण्यापूर्वी एक मूठ ज्वारी कणगीतून काढून वनस्पती तुपाच्या जुन्या डब्यात टाकायची, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी तो डबा चर्चमध्ये रिता करायचा. ज्यांना रोख शंभर रुपये जड होते अशा घरांतूनही ज्वारी आली, आणि ती विकून आईच्या औषधांचे बिल बहुतेक महिने भागले.

बँकेबद्दल: नोकरीसाठी किंवा अनिश्चित काळासाठी परदेशी राहायला गेलेल्या माणसाने आपले बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासी व्यक्तीचे खाते, करून घ्यावे लागते. शाखेत जाऊन हे बोलून घ्या, आणि डेबिट कार्डावर परदेशातील वापर सुरू आहे का तेही पाहा, कारण तो मुळात बंद असतो. तिकडे गेल्यावर पासपोर्ट दाखवून स्थानिक सिम घ्या आणि त्यावर एम-पेसा चालू करा. २००७ साली सुरू झालेली ही मोबाइलवरून पैसे देण्याची सोय इतकी रुळली आहे की भाजीवालीपासून मोटारसायकलवाल्यापर्यंत सगळे तीच वापरतात. त्यातला ‘पेसा’ म्हणजे आपला पैसाच.

५. लस आणि औषधे

पिवळ्या तापाची लस फक्त नेमून दिलेल्या केंद्रांवरच मिळते. मला त्यासाठी मुंबई गाठावी लागली. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होते आणि आता ते आयुष्यभर चालते. ते केनियात जातानाच नव्हे, तर भारतात परतताना अधिक लागते: नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात, तेही सहा दिवसांपर्यंत. सरोवराच्या बाजूला मलेरिया भरपूर आहे, म्हणून मच्छरदाणी आणि प्रतिबंधक गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारून जा.

६. सामान

देवगिरी एक्स्प्रेसने मुंबई आणि तिथून साधारण सहा तासांच्या विमानाने नैरोबी, एवढा हा प्रवास. आईने शेंगदाण्याची चटणी, येसर, काळा मसाला आणि तिळाची पोळी अशा प्रत्येक वस्तूला दोन-दोन कॅरीबॅगा बांधल्या होत्या, त्यातल्या काही कापड दुकानाच्या रंगीत पिशव्या. केनियात २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि ती कडक आहे, हे मला मुंबई विमानतळावर एका सहप्रवाशाकडून कळले. मी जमिनीवर बसून सगळे उलगडले. चटणी स्टीलच्या डब्यात गेली, मसाला जुन्या साडीच्या फडक्यात, आणि येसराची पुडी फुटून नव्या स्वेटरला तो वास वर्षभर राहिला. तुम्ही घरीच डबे आणि कापडी पिशव्या वापरा.

बियाणे नेऊ नका आणि पार्सलमध्येही मागवू नका. अंबाडीची आठवण मलाही आली होती, पण वनस्पतींच्या तपासणीच्या दाखल्याशिवाय बी नेता येत नाही. तिथे घरोघर टपाल येत नाही, टपालपेटीचा क्रमांक असतो; मंडळीचा क्रमांक विचारून घ्या आणि पार्सलच्या फॉर्मवर प्रत्येक वस्तूचे नाव स्पष्ट लिहायला सांगा. बाकी प्रेशर कुकरच्या दोन जादा रिंगा आणि शिट्टी, तीन चपट्या पायांच्या ब्रिटिश सॉकेटला चालणारा अडॅप्टर, आणि स्वेटर. आफ्रिकेत स्वेटर कशाला, असे सगळे विचारतील. जुलैमधले नैरोबी पाहिले की विचारणार नाहीत.

७. तिथले रोजचे दिवस

पहिले तीन महिने कामापेक्षा भाषेला द्या. स्वाहिली आपल्याला परकी वाटत नाही: दुका म्हणजे दुकान, गारी म्हणजे गाडी, चाय म्हणजे चहा, बिमा म्हणजे विमा, एम्बे म्हणजे आंबा. पाळकाला तिथे ‘म्चुंगाजी’ म्हणतात, आणि त्या शब्दाचा अर्थही मेंढपाळच. वडीलधाऱ्यांना ‘शिकामो’ म्हणावे. ते ‘मराहाबा’ म्हणतात. हे न म्हणता थेट कामाचे बोलायला लागलात, तर तुम्ही कितीही शिकलेले असा, तुम्हाला वळण नाही असेच समजतील.

जेवणात मक्याच्या पिठाचा उगाली आणि सुकुमा विकी ही पालेभाजी रोजची. दोन महिन्यांनी मला भाकरीवाचून रडू आले. मग बाजारात ‘म्तामा’ नावाचे पीठ दिसले, बोटांवर घेऊन पाहिले तर ज्वारी. पीठ जुने होते, त्यामुळे पहिल्या दोन भाकरी तव्यावर जाण्याआधीच तुटल्या. उकळत्या पाण्यात मळल्यावर तिसरी जमली. वसतिगृहाच्या स्वयंपाकीण मामा (तिथे आईच्या वयाच्या बाईला ‘मामा’ म्हणतात, आणि हे सांगितल्यावर माझे मामा आठवडाभर हसत होते) पाठीमागे उभ्या राहून भाकरी थापणे पाहत होत्या. नवे काम सुरू करण्याआधी असा एखादा आपला पदार्थ तिथल्या बाजारातल्या वस्तूंतून जमवून घ्या. घरून येणाऱ्या डब्यावर विसंबलेला माणूस लवकर खचतो.

पाऊस तिथे दोनदा पडतो, मार्च ते मे आणि पुन्हा ऑक्टोबर ते डिसेंबर. हे मी आईला सांगितले तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही.

८. घरी बोलणे आणि पत्र

केनियाचे घड्याळ आपल्या अडीच तास मागे आहे. आपल्याकडे सकाळी दहाला उपासना सुरू होते, तेव्हा तिथे साडेसात असतात. रविवारी उपासना सुटल्यावर मंडळीला दोन मिनिटे व्हिडिओ कॉल करता येतो, पण दर रविवारी करू नका. घरच्यांशी आठवड्यातून दोन ठरलेल्या वेळा बोला. आई रोज ‘जेवलीस का, माय? कवा यायलीस?’ विचारत असे आणि मी रोज उत्तर देत असे; त्यातून तिचेही समाधान झाले नाही आणि माझेही मन तिथे लागले नाही. वेळ ठरल्यावर दोघींना सांगायला काहीतरी राहू लागले.

मंडळीला महिन्यातून एक पत्र, एका पानाचे, पाठवा. ‘काम चांगले चालू आहे, प्रार्थना करा’ असे पत्र तीनदा वाचले की चौथ्यांदा कोणी ऐकत नाही. एक मुलगी, एक अडचण, एक दिवस, असे लिहा. आणि जे लिहाल ते तिथले लोकही वाचतील असे समजून लिहा. मी एकदा मुलींच्या फाटक्या गणवेशांबद्दल जरा कळवळून लिहिले, सोबत फोटो जोडला. तो फिरत फिरत तिथल्या पाळकांच्या मुलाच्या फोनवर आला आणि त्याने मराठीचे भाषांतर यंत्रावर करून वडिलांना वाचून दाखवले. त्यांनी मला काही सुनावले नाही, फक्त एवढे विचारले, “तुमच्या गावी सगळ्यांचे कपडे नवे असतात का?” त्यानंतर मुलांचे फोटो मी पालकांना विचारल्याशिवाय पाठवले नाहीत.

९. वाईट बातमीचे आधी ठरवा

याविषयी बोलायला कोणी तयार नसते, म्हणून तुम्हीच काढा. घरात मृत्यू झाला, तर मातीसाठी थांबायचे की नाही? किसुमू भागातून बसने नैरोबी, तिथून मुंबई, मुंबईहून रेल्वे. तिकीट लगेच मिळाले तरी दीड ते दोन दिवस. आमच्या गावी शवपेटीला बर्फ मिळवणेसुद्धा अवघड. आजी गेली तेव्हा दादाला हे विचारायचे सुचले नाही आणि मला सांगायचे सुचले नाही. तो थांबला, लोक खोळंबले, शेवटी मामांनी निर्णय घेतला. दफनविधी मी फोनवर पाहिला, त्यातला अर्धा वेळ दादाचा हात थरथरत असल्यामुळे फक्त माती आणि लोकांचे पाय दिसत होते. दुसऱ्या खेपेला जाताना आईनेच सांगून ठेवले की मी गेले तर लेकीसाठी थांबू नका, तिला नंतर सावकाश येऊ द्या. ते वाक्य वहीच्या पहिल्या पानावर तिच्या सहीने आहे.

कोणाच्या आजारपणात परत यायचे, हे कोण ठरवणार तेही लिहा, आणि एका बाजूच्या तिकिटाएवढी रक्कम दुसऱ्या डब्यात कायम असू द्या.

१०. सुट्टीवर येताना

पहिल्या पंधरवड्यात एकाही मंडळीत बोलायचे कबूल करू नका. बोलावणी येतील, पाळकसाहेबांना पुढची तारीख द्या. आल्यावर ताप आला, तर डॉक्टरांना आफ्रिकेतून आल्याचे सर्वांत आधी सांगा, कारण इथे ते आधी व्हायरल म्हणून गोळ्या देतात. आणि वही मागून घ्या. ज्या कामापुढच्या तारखा रिकाम्या दिसतील, त्या माणसाला रागावू नका. ते काम त्याच्याकडून काढून, तो समोर असतानाच, दुसऱ्याच्या नावावर लिहा.